नववी ओळ रंगवायची राहिली होती

मी दहा आज्ञांचा बोर्ड बोलतोय. कोराडी रोडवर, वीज केंद्राच्या कॉलनीला लागून पत्र्याच्या छपराचं एक लहान चर्च आहे, तिथला मी. तुम्ही मला पाहिलं नसेल, पण माझ्यावर काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक असणार. खून करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको. पाहुणे वाचतात आणि म्हणतात, यात नवीन काय, हे तर कोणीही सांगेल. खरं आहे. सांगायला कोणालाही जमतं.

माझा जन्म कामठीतल्या एका सुताराच्या ओसरीवर झाला. सागाच्या चार फळ्या सांधून त्यानं मला उभं केलं. सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या एका पेंटरनं माझ्यावर निळा हात मारला आणि पिवळी अक्षरं काढली. सगळं लिहून झाल्यावर तो मागे सरकला, वरपासून खालपर्यंत एकदा वाचून गेला आणि तोंडातली बिडी विझवली. का विझवली ते मला आजवर कळलेलं नाही.

मग मला व्यासपीठाच्या उजव्या हाताला, उंचावर टांगलं. इथं हवेत राख असते. चिमणीची असते, राख वाहणाऱ्या ट्रकांची असते. ती अक्षरांच्या कडांवर बसते. दर शनिवारी प्रेमिलाबाई ओल्या फडक्यानं मला पुसायच्या आणि त्यांचे यजमान देवराव दर रविवारी माझ्यासमोर शिकवायचे.

देवरावांबद्दल आधीच सांगतो, म्हणजे तुमचा गैरसमज व्हायचा नाही. माणूस वाईट नव्हता. बॉयलर विभागात नोकरी झाली. एकदा त्यांच्याच हातून व्हॉल्व्ह चुकला, कोणी पाहिलं नव्हतं, तरी स्वतः साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. निवृत्त झाल्यावर चर्चची किल्ली, कमिटी आणि संडे स्कूल, तिन्ही त्यांच्याकडे आली. कॉलनीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. लोक म्हणत, देवराव म्हणाले म्हणजे झालं.

हातात लाकडी पट्टी घेऊन ते मुलांकडून माझ्या ओळी पाठ करून घ्यायचे. शिकवणारा माणूस मुलांकडे तोंड करून उभा राहतो, म्हणून त्यांची पाठ माझ्याकडे असायची. ओळी त्यांना तोंडपाठ होत्या. वळून वाचायची गरज कधी पडली नाही.

दामिनी आली तेव्हाही ते असेच उभे होते. दामिनी आणि कवडू नरखेडकडच्या खेड्यातून राखेच्या विटांच्या कारखान्यात कामाला आले होते, नवरा-बायकोसारखे एकत्र राहत होते. दामिनीचा बाप्तिस्मा लहानपणीच झालेला. पण कवडूचं गावाकडे पहिलं लग्न झालं होतं, बायको सोडून गेलेली, फारकत मात्र कागदावर झालेली नव्हती. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर आणि द्राक्षरसाचा प्रसाद घ्यायला दामिनी पुढे आली, तेव्हा देवरावांनी पट्टी मागे नेऊन न पाहताच माझ्या सातव्या ओळीवर टेकवली.

"वाच वं बाई."

तिनं वाचलं. व्यभिचाराबद्दलची ओळ.

"समजलं ना? मंग बस मागं."

त्या दिवसापासून ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागली. यायचं तिनं सोडलं नाही. प्रभुभोजनाच्या वेळी सगळे उठून पुढे जात, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राही. ओळ खोटी नव्हती, आणि ती माझ्याच अंगावर होती. तरी त्या दिवशी मला दार अडवायला लावलेल्या लाकडासारखं वाटलं.

गेल्या नाताळाच्या आधी चर्चचे नवे धर्मगुरू, पाळक प्रेमानंद म्हणाले, बोर्डाची अक्षरं गेली आहेत, रंगवून घेऊ. देवराव म्हणाले, "पेंटर कायले? मी करतो." मला खाली उतरवलं, दोन बाकांवर आडवं ठेवलं. देवराव चष्मा लावून, वाकून, रोज दुपारनंतर एकेक ओळ रंगवू लागले. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर आलो.

त्या शनिवारी संध्याकाळी त्यांची आठवी ओळ संपत आली होती. मोटरसायकलचा आवाज आला, पण पुढच्या फाटकातून नाही, मागच्या. त्यांचा मुलगा अश्विन आत आला. प्लांटमध्ये कंत्राटावर काम करणारा पोरगा. हेल्मेट हातात, केसांवर राख.

"बाबा, माझ्याच्यानं एक माणूस उडला."

ब्रश थांबला. "कुठं?"

"बंधाऱ्याच्या वळणावर. ट्रक गेला, राख उडली, काही दिसलंच नाही. सायकल होती त्याची."

"मेला का?"

"हलून राहिला होता. मी थांबलो बाबा, उतरलो पण. मंग लोकं धावत येताना दिसले..." त्यानं हेल्मेट बाकावर ठेवलं. "मी गाडी सुरू केली."

मला वाटलं, आता देवराव विचारतील, कोण होता तो, त्याला दवाखान्यात कोणी नेलं. त्यांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला, बोटं पुसली आणि विचारलं,

"नंबर कोणी पाह्यला?"

"माहीत नाई."

"गाडी आत घे."

व्यासपीठामागे सामानाची खोली आहे. तिथं नाताळाचा तारा, सतरंज्या, फुटकं हार्मोनियम असतं. काळी मोटरसायकल तिथं ढकलली गेली. पुढचा दिवा फुटलेला, हँडल वाकडं. देवरावांनी वर ताडपत्री टाकली.

"बाबा, चौकीत जाऊ ना," अश्विन म्हणाला.

"चूप राह्य. तुले परमनंट करून राहिले. एक केस लागली का संपलं सगळं."

"पण तुम्हीच तर शिकवलं..."

"मले नोको शिकवू." आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता. "तू आज दुपारपासून इथंच होता. माझ्यासंग बोर्ड रंगवून राहिला होता. ध्यानात ठेवजो."

अश्विननं माझ्याकडे पाहिलं. ओली अक्षरं चमकत होती. त्यानं मान हलवली नाही, नाहीही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी उपासनेत पाळकांनी सांगितलं, आपल्या दामिनीच्या कवडूला कोणीतरी गाडीनं उडवून गेलं आहे. मांडीचं हाड मोडलंय, डोक्याला मार आहे, अजून शुद्धीवर नाही. अश्विननं झटकन मान खाली घातली. आपण कोणाला उडवलं ते त्याला तेव्हाच कळलं. शेवटचा बाक रिकामा होता.

"देवराव काका, प्रार्थना करता?" पाळक म्हणाले.

देवराव उठले. जखमी भावासाठी, त्याच्या घरासाठी, डॉक्टरांच्या हातांसाठी त्यांनी नीट, सुरेख प्रार्थना केली. आवाज कापला असता तर मला धीर आला असता. तो कापला नाही. प्रेमिलाबाईंनी मात्र आमेन म्हटलं नाही. काल गाडीशिवाय घरी आलेल्या पोराला त्यांनी पाहिलं असणार; नवऱ्याच्या पाठीकडे त्या नुसत्या पाहत राहिल्या.

लोक पांगल्यावर एक हवालदार आला. ओळखीचा होता, सलाम झाला.

"पलीकडच्या वस्तीतला धम्मानंद म्हणून मेकॅनिक हाये, त्याले बसवून ठेवलं," तो म्हणाला. "लोकांनी काळी गाडी पाह्यली. याचीही काळी, पुढचा लाईट फुटका. थो म्हणते लाईट जुनाच फुटला, मी तं उलटा त्या माणसाले उचलून ऑटोत टाकलं. असेच म्हणतात सगळे. तरी काळ्या गाड्यावाल्यांले विचारून घेतो. तुमच्या पोराची पण काळीच ना?"

"हाव."

"काल संध्याकाळी कुठं होता?"

देवरावांनी हात माझ्यावर ठेवला, तळवा अगदी पहिल्या ओळींवर. "इथंच होता. माझ्यासंग हा बोर्ड रंगवून राहिला होता."

"अन् गाडी?"

"सर्विसिंगले टाकली."

भिंतीपलीकडे, चार पावलांवर, ताडपत्रीखाली ती उभी होती. खोलीच्या दाराला कुलूप नव्हतं. हवालदारानं त्या दाराकडे पाहिलंसुद्धा, पण नुसतं नजर फिरते तसं.

"तुम्ही म्हणता म्हणजे झालं," तो म्हणाला आणि गेला.

मी लाकूड आहे. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. खोटी साक्ष नको हे ज्याच्या छातीवर लिहिलंय, त्यालाच साक्षीला उभं केलं होतं.

सोमवारी दुपारी देवराव नववी ओळ, खोट्या साक्षीची, रंगवायला बसले. रंग ढवळला, चष्मा पुसला, पुन्हा ढवळला. इतक्यात दारात दामिनी दिसली. चुरगळलेलं लुगडं, हातात स्टीलचा डबा. ती दवाखान्यातून आली होती. सवयीनं उंबऱ्याजवळच थांबली.

"काकाजी, एक काम होतं."

"कवडू कसा हाये?"

"डोळे उघडले त्यानं सकाळी. बोलत नाई अजून." तिनं डबा खाली ठेवला. "धम्मानंदनं नाई उडवलं त्याले. ऑटोवाला मले भेटला, थो सांगून राहिला होता. धम्मानंदनंच उचललं, रक्त थांबवाले आपला शर्ट बांधला. त्याची माय चौकीबाहेर बसून हाये. माझं कोण ऐकते तिथं? तुमचं ऐकतात. तुम्ही खोटं नाई बोलत हे साऱ्यांले मालूम हाये. तुम्ही चला ना माझ्यासंग."

देवराव खाली पाहून रंग ढवळत राहिले. ती थांबली. मग तिला वाटलं, हे आपल्याला जुन्याच कारणानं नको म्हणताहेत.

"माझ्यासाठी नोका येऊ," ती म्हणाली. "माझं पाप माझ्यापाशी. त्या पोराचं काही नाई यात."

ती गेली. देवरावांनी ब्रश रंगात बुडवला आणि नवव्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर आणला. ब्रश टेकण्याआधीच रंगाचा थेंब बाजूला पडला. त्यांनी तो अंगठ्यानं पुसायला घेतला, तर निळ्यावर पिवळा डाग पसरला. ते पुसत राहिले, डाग वाढत राहिला. शेवटी दोन्ही हात माझ्यावर टेकवून ते वाकले आणि त्यांनी ती ओळ वाचली. पाठ म्हटली नाही, वाचली. एकेक शब्द, पहिलीतलं पोर वाचतं तशी.

पाळक प्रेमानंद आले तेव्हा देवराव तसेच होते. पाळकांच्या काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट होतं. कवडूचा फोटो ते दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून आले होते.

"काका, तब्येत बरी नाही का?"

देवरावांनी उठून सामानाच्या खोलीचं दार उघडलं आणि ताडपत्रीचा कोपरा उचलला. एवढंच केलं. पाळकांनी वाकून तो फुटका दिवा पाहिला.

दोघं बाकावर येऊन बसले. मी त्यांच्या मध्ये.

"मी जन्मभर आज्ञा पाळल्या," देवराव म्हणाले. "एका दिवसात सगळं गेलं."

"गेलं नाही काका. दिसलं."

पाळकांनी पाकिटातून काळा फोटो काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. कवडूचं मांडीचं हाड, मधोमध तुटून बाजूला सरकलेलं.

"हा फोटो काढल्यानं हाड जुळलं का?"

"नाई."

"मग कशाला काढला?"

"कुठं मोडलं ते समजावं म्हणून."

"आज्ञा हेच करतात. मोडलं कुठं ते दाखवतात, जोडत नाहीत. जोडणारा ख्रिस्त. पण त्याच्याकडे आपलं मोडलेलं घेऊन जावं लागतं. आपण तो फोटो भिंतीवर टांगला, अन् त्यात दुसऱ्यांचीच हाडं पाहत बसलो. मीही तेच करतो, तुम्ही एकटे नाही."

बाहेरून राखेचा ट्रक गेला. माझ्या फळ्या हादरल्या.

"मंग ख्रिस्त मले माफ करन ना?" देवरावांनी विचारलं.

"करेल."

"तसं हाये, तं चौकीत जायची काय गरज?"

त्यांनी हे चतुराईनं विचारलं नव्हतं. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, तसं विचारलं होतं.

"धम्मानंद आत बसलाय म्हणून," ते म्हणाले. मग त्यांनी बोट माझ्या अगदी वरच्या कडेला नेलं. तिथं पहिल्या आज्ञेच्याही आधी बारीक अक्षरांत एक ओळ आहे. "हे तुम्ही रंगवलं नाही."

"थे तं नुसतं मथळ्यासारखं हाये. आज्ञा नाई थे."

"वाचा."

देवरावांनी चष्मा सरळ केला. गुलामीच्या घरातून तुला मीच बाहेर काढलं, असं देव तिथं आपल्या लोकांना सांगतो.

"आधी सोडवलं, मग आज्ञा दिल्या," पाळक म्हणाले. "आज्ञा पाळा म्हणजे सोडवीन, असं नाही म्हटलं. सुटलेल्या माणसानं कसं चालायचं, त्यासाठी या ओळी आहेत. भीतीनं तुम्हाला बांधून ठेवलंय, काका. माफी घेऊन त्याच भीतीत बसून राहाल, तर सुटले कशातून?"

"पोराचं वाटोळं होईन."

"होईलही. मी तुम्हाला खोटा धीर देत नाही." पाळकांनी फोटो पाकिटात घातला. "तुमच्या वतीनं मी चौकीत जाणार नाही. पण इथून उठणारही नाही. तुम्ही ठरवा."

आणि ते खरंच बसून राहिले. देवराव दारापर्यंत गेले, परत आले. ताडपत्री पुन्हा नीट झाकली, पुन्हा सोडून दिली. एकदा तर पाळकांकडे असं पाहिलं की मला वाटलं आता हा माणूस त्यांना बाहेर काढतो. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला.

"अश्विन, इकडं ये बापा. तुझ्या मायलेही आण."

दोघं आले. प्रेमिलाबाईंना काही सांगावं लागलं नाही. त्यांनीच पुढे होऊन ताडपत्री ओढली. अश्विननं वाकडं हँडल धरलं.

"मागच्या फाटकातून?" त्यानं विचारलं.

"नाई," देवराव म्हणाले. "समोरून."

भर उजेडात, कॉलनीच्या रस्त्यावरून पोरगा फुटकी गाडी ढकलत निघाला आणि बाप मागून जोर लावत. लोक फाटकांशी येऊन उभे राहिले. कोणीतरी विचारलं, काय झालं देवरावजी. पुढे काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही.

धम्मानंदला सोडलं. अश्विनवर केस झाली, आता तो जामिनावर आहे, कंत्राटही गेलं. देवरावांचा खोटा जबाब हाही गुन्हाच होता, त्याचीही तारीख पडते. कमिटीत काही जण म्हणाले, एवढं बोंबलून सांगायची काय गरज होती, चर्चची बदनामी झाली. देवरावांनी किल्ली टेबलावर ठेवली.

धम्मानंद एकदा इथं आला. पायरीवर उभा राहिला, आत आला नाही.

"काकाजी, मले आत बसवलं त्याचं एवढं नाई," तो म्हणाला. "पण वस्तीतले लोक माझ्या मायले विचारून राहिले होते, पोट्ट्यानं खरंच उडवलं का वं म्हणून. थे तुम्ही कसं भरून देता?"

"येतो मी तुझ्या वस्तीत," देवराव म्हणाले. "साऱ्यांसमोर सांगतो."

आणि ते गेले. प्रेमिलाबाई सांगत होत्या, विहाराच्या ओट्याजवळ उभं राहून त्यांनी सांगितलं, नीट, नावासकट. कोणी शिवी दिली नाही. कोणी पाणीही विचारलं नाही. फक्त धम्मानंदच्या आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती घरात गेली.

माझ्या उरलेल्या ओळी अश्विननं रंगवल्या. अक्षरं जरा वाकडी आली आहेत. मला आता व्यासपीठाजवळ टांगत नाहीत. दाराशेजारी, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलंय. इथं माझ्याकडे पाठ करून उभं राहायला जागाच नाही.

गेल्या रविवारी प्रभुभोजन होतं. कवडू कुबड्या घेऊन पहिल्यांदा आला आणि दामिनीजवळ शेवटच्या बाकावर बसला. देवरावही हल्ली तिथंच बसतात. इतके दिवस तिनं त्यांच्याशी शब्द काढला नव्हता. सगळे पुढे गेले. पाळकांनी देवरावांकडे पाहून हात किंचित पुढे केला. ते उठले नाहीत.

"जा ना काकाजी," दामिनी हळूच म्हणाली. "तुमाले कोणी अडवलं नाई."

"तुले मी अडवलं होतं वं," देवराव म्हणाले. "वकिलाकडं जाऊन आलो काल. कवडूच्या फारकतीचा अर्ज या महिन्यात लागते. थे होऊ दे, तुमचं लग्न होऊ दे. मंग संग जाऊ."

दामिनी बाकावर जरा सरकली आणि मध्ये ठेवलेली कुबडी उचलून तिनं पलीकडे घेतली.

सातवी ओळ माझ्या अंगावर आहे तशीच आहे, कोणी पुसली नाही. पुसूही नये. पण तीच ओळ एकेकाळी तिला मागे बसवायला वापरली गेली, आणि आता तिच्यासाठी कोणी वकिलाचे जिने चढतंय.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. मला वाचायचं असेल तर आधी स्वतःसाठी वाचा. माझ्यापाशी थांबा, लाज वाटली तर वाटू द्या. पण इथंच बसून राहू नका. मी फक्त लाकूड आहे, मला कोणाला उचलून धरता येत नाही. ज्याला येतं, तो ख्रिस्त पुढे आहे. माझ्या बाजूनं आत जा.